मोरपंखी रंगाआधी मेंदीचा हिशेब

प्रश्न: ताई, मी २३ वर्षांची आहे, पुण्यात हडपसरला राहते. केस काळेभोर, सरळ, पाठीच्या मध्यापर्यंत. दहावीपासून आई दर दोन-तीन महिन्यांनी मेंदी लावून देत आली आहे, शेवटची गेल्या दिवाळीत लावली. मला केस मोरपंखी करायचे आहेत, गणपतीत घरी जायच्या आधी. ब्लीच पावडर, ४० व्हॉल्यूमचं डेव्हलपर आणि रंगाची बाटली आणून ठेवली आहे. येत्या रविवारी मैत्रिणीला बोलावून घरीच करायचा बेत आहे. आधी काय तयारी करू? आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी येतं, त्याने काही फरक पडतो का?
— एक वाचक, पुणे

उत्तर: येत्या रविवारी सगळ्या केसांना ब्लीच लावू नकोस. त्या दिवशी फक्त एका बटेवर चाचणी कर. गणपतीला अजून बरेच आठवडे आहेत आणि तुझ्या केसांना ते हवेच आहेत. मोरपंखी रंग छानच दिसेल, हौस सोडायचं काही कारण नाही. पण पत्रातली जी गोष्ट तू जाता जाता लिहिली आहेस, ती मेंदी, तिच्यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे. ४० व्हॉल्यूमच्या डेव्हलपरची, म्हणजे ब्लीच पावडर ज्यात कालवतात त्या पेरॉक्साइडच्या द्रावणाची, बाटली बाजूला ठेव, ती तुझ्या कामाची नाही.

काळ्या केसांवर मोरपंखी रंग थेट लावला तर उन्हात जेमतेम झाक दिसेल, बाकी काही नाही. कारण अशा भडक रंगांच्या बहुतेक बाटल्यांत केसांचा मूळ रंग काढण्याची ताकदच नसते. ते केसांच्या बाहेरच्या थरांत बसतात आणि खाली जे असेल त्यात मिसळून दिसतात. म्हणून आधी ब्लीच. ब्लीच केसातला काळा रंग हळूहळू फोडत नेतं आणि वाटेत केस ठरावीक क्रमाने रंग बदलतात: काळ्याचा तांबूस तपकिरी, मग लाल-केशरी, केशरी, पिवळसर केशरी, पिवळा आणि शेवटी केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा फिकट पिवळा. सलूनमध्ये याला १ ते १० अशा पायऱ्या असतात. आपल्याकडचे काळे केस बहुधा १ ते ३ मध्ये असतात.

मोरपंखी रंगासाठी शेवटच्या पायरीपर्यंत जायची गरज नाही, ही तुझ्या फायद्याची गोष्ट. शुद्ध निळा हवा असता तर थोडासा पिवळाही चालला नसता, निळ्यात पिवळा मिसळून हिरवट झालं असतं. मोरपंखीत हिरवा मुळातच आहे, त्यामुळे केस ८-९ च्या पिवळ्यावर थांबले तरी रंग उठतो. फक्त फिकट आकाशी-हिरवा न घेता गडद मोरपंखी घे. गडद छटेला कमी ब्लीच पुरतं आणि ती टिकतेही जास्त. केशरीवर मात्र हा रंग अजिबात चालत नाही. केशरी आणि निळा-हिरवा एकमेकांना मारतात आणि हाती शेवाळासारखा मळकट तपकिरी रंग येतो. नेमकी इथेच मेंदी आडवी येते.

मेंदीतलं लॉसोन हे रंगद्रव्य केसातल्या केराटिनला, म्हणजे केस ज्या प्रथिनाचा बनतो त्याला, घट्ट चिकटतं. इतकी वर्षं थरावर थर चढलेत, त्यामुळे तुझे मेंदीचे केस ब्लीच केल्यावर केशरीपर्यंत येतील आणि तिथे अडकून बसण्याची शक्यता मोठी. दिवाळीनंतर उगवलेले केस मात्र मेंदीविना आहेत. केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे मुळाशी ८-९ सेंटिमीटरचा पट्टा कोरा असेल. तुझ्या प्रत्येक केसात दोन वेगळे केस आहेत असं समज. वरचा पट्टा पटकन पिवळा होईल, खालचा केशरीवर रेंगाळेल. एकाच वेळी, एकाच मिश्रणाने दोन्ही सारखे होणार नाहीत.

याहून महत्त्वाचं म्हणजे त्या मेंदीत नक्की काय होतं? आईला विचार, पाकीट असेल तर वाच. घटकांत नुसतं लॉसोनिया इनर्मिस असेल तर ती शुद्ध मेंदी. इंडिगोफेरा टिंक्टोरिया म्हणजे नीळ, ती असेल तर ब्लीचनंतर हिरवट झाक राहू शकते. सोडियम पिक्रामेट किंवा पी-फिनिलीनडायअमीन दिसलं तर तो मेंदीच्या नावाखाली रासायनिक रंग आहे. ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटांत हे सर्रास असतं. ती लावल्यावर कधी कपाळाला खाज किंवा पापण्यांना सूज आली असेल तर कुठलाही रंग लावण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखव. काही मिश्रणांत धातूंचे क्षार असतात, ते सर्वांत धोक्याचे. तांब्यासारख्या धातूचे क्षार डेव्हलपरमधल्या पेरॉक्साइडशी भिडले की केस गरम होतात, वाफा येतात आणि केस हातात तुटून येतात. आणि आणखी एक विचार: मेंदी लोखंडी कढईत रात्रभर भिजवायचात का? रंग गडद यावा म्हणून घरोघरी तसं करतात. लोहही पेरॉक्साइडचं विघटन भराभर घडवतं. तुझ्या केसात ते किती उरलंय हे पाहून कळत नाही, म्हणूनच चाचणी.

ती अशी करायची. मानेजवळच्या आतल्या थरातून आगकाडीएवढ्या जाडीची बट टाळूलगत काप, म्हणजे तिच्यात कोरा आणि मेंदीचा असे दोन्ही भाग येतील. मुळाकडच्या टोकाला दोरा बांध, नाहीतर नंतर कुठलं टोक कुठलं ते कळत नाही. प्लॅस्टिकच्या वाटीत एक चमचा ब्लीच पावडर आणि दोन चमचे २० व्हॉल्यूमचं डेव्हलपर घेऊन दह्यासारखं होईपर्यंत ढवळ. पावडरचं प्रमाण पाकिटावर वेगळं दिलं असेल तर ते पाळ. स्टीलची वाटी, चमचा, पत्र्याचा डबा काहीही नको. हातमोजे घाल, खिडकी उघड. बट मिश्रणात बुडव आणि पहिली दहा मिनिटं तिथून हलू नकोस. वाटी हाताला स्पष्ट गरम लागली, मिश्रण फसफसलं, वाफ किंवा घाण वास आला, तर बट लगेच भरपूर पाण्यात टाक. असं झालं तर या केसांवर ब्लीच कायमचं रद्द, मेंदीचा भाग कापून जाईपर्यंत. कोणी कितीही ‘आम्ही सांभाळून करतो’ म्हटलं तरी नाही.

असं काही झालं नाही तर दर पाच मिनिटांनी टिश्यूने थोडं पुसून रंग बघत जा आणि वेळ लिहून ठेव. मुळाकडचा भाग किती मिनिटांत पिवळा झाला, मेंदीचा किती मिनिटांत कुठवर आला. पाकिटावर दिलेल्या वेळेपलीकडे थांबू नकोस, ती बहुधा ४५-५० मिनिटं असते. मग धुऊन पूर्ण वाळव. ओल्या केसांचा रंग एक-दोन पायऱ्या गडद दिसतो, म्हणून निकाल वाळल्यावर आणि दिवसाच्या उजेडात बघायचा. आता त्यातला एक केस ओला करून दोन्ही टोकांनी हलकेच ताण. थोडा ताणून परत आखडला तर ठीक. च्युइंगमसारखा लांबत गेला आणि परत आला नाही, किंवा लगेच तुटला, तर त्या भागाला आणखी ब्लीच सोसणार नाही. शेवटी त्याच बटेला मोरपंखी रंग लावून बघ. तुझ्या डोक्यावर काय दिसणार आहे याचं याहून खरं चित्र कुठेच मिळणार नाही.

त्याच दिवशी रंगाचा थेंब कानामागे लावून ४८ तास ठेव. खाज, पुरळ, लाली आली तर तो रंग वापरायचा नाही. ब्लीच मात्र असं लावून ठेवू नकोस, त्याची त्वचेवरची चाचणी पाकिटावर लिहिल्याप्रमाणेच कर. दमा असेल तर घरी ब्लीच कालवूच नकोस. पावडरीतल्या परसल्फेटमुळे दम्याचा झटका येऊ शकतो.

४० व्हॉल्यूमचं का नको म्हणते तेही सांगते. २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइड, ३० म्हणजे ९ आणि ४० म्हणजे १२. जास्त टक्केवारीने केस जास्त उजळतात असं वाटतं, पण ते वेगाने उजळतात आणि तितक्याच वेगाने कमजोर होतात. लांब केसांना मिश्रण लावता लावता अर्धा तास जातो. तेवढ्यात पहिल्या बटा उतू जातात आणि शेवटच्या काळ्याच राहतात. टाळूवर १२ टक्क्यांनी भाजल्याचे फोड येऊ शकतात. २० व्हॉल्यूमने हळू, दोन वेळा, मध्ये किमान दोन-तीन आठवडे सोडून केलेलं काम केव्हाही चांगलं.

आता पाणी. फरक पडतो, आणि बराच. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम केसांवर पापुद्रा धरतं, त्यामुळे ब्लीच डागाडागाने चढतं. पाण्यात लोह असेल तर वर सांगितलेली अडचण आणखी वाढते. बादलीच्या तळाशी तांबूस थर बसतो का, नळाच्या तोंडाशी पांढरी खरपुडी धरते का ते बघ. आजपासून आठवड्यातून एकदा जड पाण्यासाठीचा शाम्पू वापर. घटकांत ‘ईडीटीए’ (पाण्यातले धातू धरून ठेवणारा पदार्थ) वरच्या ओळींत असलेला बघून घे, पाच मिनिटं फेस ठेवून धू आणि नंतर कंडिशनर लाव. शेवटचे दोन-तीन तांबे पिण्याच्या फिल्टरच्या पाण्याचे घेतलेस तर उत्तम. नुसतं उकळून पाण्यातलं लोह किंवा सगळा जडपणा जात नाही.

तेलाबद्दल तू विचारलं नाहीस, पण या आठवड्यांत त्याचा उपयोग आहे. डोक्याला लावायच्या तेलांपैकी खोबरेल केसाच्या आत शिरतं. मुंबईत मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना करून २००३ मध्ये निष्कर्ष छापला होता: धुण्याने होणारी केसातल्या प्रथिनांची झीज तिन्हींपैकी फक्त खोबरेलाने लक्षणीय कमी केली, चांगल्या केसांत आणि ब्लीच केलेल्या केसांतही. तेव्हा प्रत्येक नहाण्याच्या आदल्या रात्री लांबीला आणि टोकांना खोबरेल लाव. नवी मेंदी, स्मूदनिंग, रिबॉन्डिंग, इस्त्री यातलं काहीही आता नको. टोकं आत्ता कापू नकोस, ब्लीचनंतर कापायची आहेतच.

चाचणीनंतर काय ठरवशील त्याला माझ्या मते तीन वाटा आहेत. मेंदीचा भाग पिवळा झाला आणि ताणाला टिकला तर मोरपंखी नक्की. केशरीवरच अडकला पण मजबूत राहिला तर रंग बदल: केशरीवर गडद मजेंटा, लाल, तांबडा असे रंग सुरेख बसतात, मोरपंखी बसत नाही. भाग कमजोर झाला तर ब्लीच नको. गणपतीपुरत्या मोरपंखी रंगाच्या क्लिपच्या बटा मिळतात, त्या लाव आणि मेंदी वाढून कापली जाण्याची वाट बघ.

आणि मोरपंखी जमणार असलं तरी सगळं डोकं करू नकोस, पहिल्यांदा फक्त खालचा थर कर. दोन्ही कानांच्या वरच्या टोकांना जोडणारी रेघ मागून आखायची आणि तिच्या खालचे मानेपर्यंतचे केस घ्यायचे. केस मोकळे असताना वरच्या काळ्यातून रंग डोकावतो, वेणी घातली की पट्टा होऊन दिसतो, अंबाडा वर बांधला की पूर्ण दिसतो. ब्लीच कमी लागतं आणि दर महिन्याला मुळं काळी दिसल्याची चिंता नसते. पूर्ण डोक्याचं पहिलं ब्लीच, तेही मेंदीच्या लांब केसांवर, घरी करण्याचं काम नाहीच. त्यासाठी सलूनमध्ये जा आणि मेंदी अजिबात लपवू नकोस, कधी आणि कुठली ते सगळं सांग. चाचणी न करता लगेच खुर्चीत बसवायला निघाले तर तिथून उठ.

खालचा थर घरी करायचा तर आदले दोन दिवस केस धुवू नकोस, टाळूवरचा नैसर्गिक तेलकटपणा जळजळ कमी करतो. त्या दिवशी टाळूला कंगवा घासू नकोस. सामान: वजनकाटा, प्लॅस्टिकची वाटी आणि ब्रश, क्लिपा, फॉइल, चार जोड हातमोजे, व्हॅसलीन, जुना गडद टॉवेल आणि मैत्रीण. मानेमागचं स्वतःला दिसत नाही, तिच्याशिवाय सुरू करू नकोस. या थराला साधारण ३० ग्रॅम पावडर आणि ६० मिली २० व्हॉल्यूमचं डेव्हलपर पुरेल, पण एकदम कालवू नका. अर्धं अर्धं करा, कारण मिश्रणाचा जोर उतरत जातो आणि वाळलं की ते कामच थांबवतं. उरलेलं झाकण घट्ट लावून ठेवायचं नाही, आत वायू साचून डबा फुटू शकतो.

लावण्याचा क्रम हेच खरं कौशल्य. नवखी माणसं मुळापासून सुरुवात करतात, आणि मग मुळं झगझगीत पिवळी व खाली केशरी अशी पट्टी पडते. टाळूच्या उष्णतेने मुळाजवळचे दोन-अडीच सेंटिमीटर सर्वांत आधी उजळतात, आणि तुझ्या बाबतीत तो भाग कोराही आहे. म्हणून आधी मेंदीची लांबी. अर्धा सेंटिमीटर जाडीचे थर घेऊन, पलीकडचा केस दिसणार नाही इतकं भरपूर मिश्रण दोन्ही बाजूंनी लाव आणि फॉइलमध्ये ठेव. चाचणीत दोन्ही भागांच्या वेळेत जितक्या मिनिटांचं अंतर आलं, तितकं थांबून कोऱ्या पट्ट्याला लाव. टाळूजवळचे दोन बोटं केस अगदी शेवटी, ताज्या मिश्रणाने. सीमेवर मिश्रण एकमेकांवर चढवू नका. चुणचुण चालते, आग होणं चालत नाही. आग झाली की वेळ न बघता धुवायचं. हेअर ड्रायरची उष्णता द्यायची नाही.

पहिल्या फेरीत केस केशरी राहिले म्हणून घाबरून लगेच दुसरी लावू नकोस. दोन-तीन आठवडे थांब, तेल-कंडिशनर कर, ताणून बघ, मग दुसरी फेरी. म्हणूनच गणपतीच्या आधीचे इतके आठवडे हवेत.

रंग लावायचा दिवस गणपतीआधी चार-पाच दिवस ठेव. साध्या शाम्पूने धुऊन, कंडिशनर न लावता केस पूर्ण वाळव, कारण ओल्या केसांत रंग पातळ होतो. बाटलीवर डेव्हलपर मिसळा असं लिहिलेलं नसेल तर मिसळायचं नाही. मान, कान, केसांची कड यांना व्हॅसलीन लाव. ८०-१०० मिली रंग या थराला पुरेल. बटेत बोटांनी इतका चोळायचा की हलका फेस येईल. पाऊण तास ते तासभर ठेव आणि गार पाण्याने, निथळणारं पाणी बरंचसं स्वच्छ होईपर्यंत धू. फरशी, बादली, मग यांच्यावरचा डाग लगेच पुसला तरच जातो. त्यानंतर दोन दिवस शाम्पू नको.

पहिले काही दिवस हा रंग ओल्या केसांतून उतरतो. पावसात भिजलीस, घाम आला, ओल्या केसांवर हेल्मेट घातलंस की मानेवर आणि कॉलरवर हिरवे-निळे ओघळ येतील. आरतीला पांढरी किंवा मोतिया साडी नेसायची असेल तर केस पूर्ण वाळवून वर बांध. पुढे आठवड्यातून दोनदाच, सल्फेट नसलेल्या शाम्पूने आणि गार पाण्याने धू. डोकं चंपी करून गरम पाण्याने नहाणं काही दिवस विसर, त्याने रंग धुऊन निघतो. दर दोन आठवड्यांनी दोन मोठे चमचे पांढऱ्या कंडिशनरमध्ये चमचाभर रंग मिसळून वीस मिनिटं ठेवलास की ताजेपणा टिकतो. नाहीतर चार-सहा आठवड्यांत मोरपंखीचा पुदिन्यासारखा फिका हिरवा होतो, आणि ती हिरवी झाक लवकर हटत नाही. ती काढायला पुन्हा ब्लीच लावू नकोस, निळे-हिरवे रंग कधी कधी त्याने उलट आत मुरतात.

नोकरीसाठी किंवा घरच्या लग्नासाठी पुन्हा काळं करायची वेळ आली, तर ब्लीच केलेल्या केसांवर थेट काळा रंग फासू नकोस. तो हिरवट, निस्तेज बसतो आणि उतरत राहतो. आधी तांबूस छटेचा थर देऊन मग गडद तपकिरी, हे काम सलूनमध्ये करून घे. आणि आईने प्रेमाने पुढे केली तरी त्या थराला मेंदी नको: फिकट केसांवर ती गाजरासारखी चढते, आणि पुढच्या रंगाच्या वेळी पुन्हा हेच सगळे प्रश्न उभे राहतात.